वाजवा, मग थांबा

डुलूथच्या सरकारी इमारतीत, चौथ्या मजल्यावर,
दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
मी बैठकीचं इतिवृत्त लिहिते.
बावीस वर्षं झाली. हात आपोआप चालतो :
सविस्तर चर्चा झाली. नोंद घेण्यात आली.
अशी वाक्यं मी झोपेतही लिहीन,
वाचणारे तर झोपेतच वाचतात.

यंदा सल्लागार मंडळावर पाच नवी माणसं आली,
ज्यांच्याविषयी इतकी वर्षं आम्ही नुसतंच लिहीत होतो.
प्रत्येकापुढे पाण्याचा पेला आणि एक लाल कार्ड.
कळलं नाही की कार्ड वर,
मग बोलणाऱ्यानं थांबायचं, सोपं करून सांगायचं.
पहिल्या दिवशी संचालकबाईंचं एकच वाक्य
सात वेळा अडलं.
आठव्यांदा त्यांनी चष्मा काढला, म्हणाल्या,
खरं सांगू? मलाही नीट माहीत नाही.
(हे मी लिहिलं नाही.)

वेंडेल सारी, वय त्रेपन्न,
हॉटेलच्या धुलाईघरात टॉवेलांच्या घड्या घालतो.
आमच्या कागदांच्याही तशाच,
आधी उभी, मग आडवी, कडेला कड.

लव्हॉन तोंडानं बोलत नाही.
ती पाटीवरच्या चित्रावर बोट ठेवते, पाटी बोलते.
एकदा तिनं घड्याळ दाखवलं, मग सूप,
पुन्हा घड्याळ, पुन्हा सूप.
आम्ही 'आहारविषयक सूचना' धरून चाललो होतो.
वेंडेल म्हणाला, तिला साडेचारला जेवायचं नाहीये.
साडेचारला कोण जेवतं?
पाचला कर्मचाऱ्यांची पाळी बदलते,
म्हणून त्यांच्या घरात
जूनमध्येसुद्धा भर उन्हात रात्र होते.

फेब्रुवारी. कलम सात : खासगीपणा.
सरोवर नजर पोचेल तिथवर गोठलेलं,
खिडकीच्या काचेला आतूनही बर्फ.
मसुद्याच्या चौदा ओळी वाचून झाल्या.
वेंडेलनं कार्ड उचललं नाही.
तो उठला, टेबलावर दोनदा टकटक केली
आणि उभा राहिला.

आम्ही वाट पाहिली. कशाची, ते माहीत नव्हतं.
रेडिएटर खडखडला. कुणीतरी खाकरलं.
कुणी म्हणालं, बोला ना, वेंडेल.
त्यानं ओठांवर बोट ठेवलं.
मी सवयीनं घड्याळ पाहिलं : चाळीस सेकंद.
या खोलीत तेवढ्यात एखादं अंदाजपत्रक मंजूर होतं.
मग तो म्हणाला, 'या.'
आणि खाली बसला.

'ते वाजवतात आणि उघडतात. एकदमच.
मी कपडे बदलत असतो. कधी रडत असतो.
कधी काहीच करत नसतो.
वाजवा. मग थांबा.
मी या म्हणेन. नाही म्हणालो तर नाही.'

मी लिहिलं : श्री. सारी यांनी कलम सातबाबत
मौलिक सूचना मांडली.
तो म्हणाला, वाचून दाखव.
वाचलं.
लाल कार्ड.
बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या वाक्यावर.
कानशिलं तापली. खोडलं.
त्याचे शब्द लिहिले, त्याच्याच क्रमानं,
आणि चाळीस सेकंदांसाठी
एक ओळ कोरी सोडली.

मार्चमध्ये मसुदा सेंट पॉलहून परत आला.
कोरी ओळ भरून काढली होती.
'वाजवी प्रतीक्षेनंतर प्रवेश.'
वाजवी!
वाजवणं तेवढं राहिलं, तेही भलत्याच अर्थानं,
थांबणं मात्र गेलं.
पाचही कार्डं एकदम वर.
लव्हॉनला पाटी शोधावी लागली नाही.
सहावं कार्ड माझ्याकडे नव्हतं,
मी पेन वर धरलं.

आज काही ठरलं नाही. मसुदा पुन्हा जाईल,
पुन्हा येईल.
साडेतीनची गाडी चार वाजून गेले तरी आली नव्हती.
खालच्या दालनात ते पाचही जण कोट घालून उभे,
दार उघडलं की थंडी पायांत शिरायची.
लव्हॉन घड्याळ दाखवत होती, सूप दाखवत होती,
आणि चक्क हसत होती :
आज साडेचारचं जेवण चुकणार.
वेंडेलनं माझ्या बंद वहीवर
दोनदा टकटक केली.
थांबला.
'या,' मी म्हणाले.
'गाडी आली नाही,' तो म्हणाला. 'हेही लिही.'